ठाण्यात राहून कव्हर गाण्यांचा रॉक अल्बम करायचा, तर सुरुवात कुठून करावी

कव्हर गाण्यांचा अल्बम म्हणजे सोपं काम, असं नव्या बँडना वाटतं. गाणी तयार आहेत, लोकांना पाठ आहेत, आपण फक्त गिटारचं डिस्टॉर्शन, म्हणजे तिचा फाटका-खरखरीत आवाज, वाढवायचा. प्रत्यक्षात स्वतःच्या गाण्यांच्या अल्बमपेक्षा यात दोन कामं जास्तीची असतात. एक, परवानगी मिळवायची. दुसरं, मूळ गाणं लोकांच्या कानात पक्कं बसलेलं असताना तुमचं का ऐकावं, याचं उत्तर वाजवून द्यायचं. ही दोन्ही कामं स्टुडिओचं तासाचं मीटर सुरू होण्याआधी संपवायची असतात. ठाणे-नवी मुंबईत कॉलेजच्या फेस्टिव्हलला किंवा पबमध्ये कव्हर वाजवणारे आणि आता काहीतरी रेकॉर्ड करू म्हणणारे जे बँड आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी मालक, मग गाणं

यादी करायला बसलात की प्रत्येक गाण्यापुढे तीन रकाने आखा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रण कोणाचं. कायद्याच्या नजरेत या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत. तुम्ही गाणं नव्याने वाजवून गाणार असाल तर तिसऱ्या रकान्याशी तुमचा संबंध येत नाही. मूळ रेकॉर्डमधला छोटा तुकडा जरी उचललात, तरी तो येतो. पहिले दोन रकाने मात्र टळत नाहीत.

शब्द आणि चाल यांवरचा हक्क भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही वर्षं मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजतात. गीतरामायण घ्या. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे शब्द २०३७ संपेपर्यंत बांधलेले. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणजे चाली २०६२ संपेपर्यंत. "जुनं गाणं आहे रे, आता कोण विचारतंय" हे वाक्य जॅमरूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, फार ऐकू येतं. गाणं चाललं की विचारणारे येतात.

अभंगांच्या बाबतीत तर हमखास घोळ होतो. तुकोबांच्या शब्दांवर आज कोणाचा कॉपीराइट नाही, हे खरं. पण रेडिओवर ऐकून तुमच्या डोक्यात बसलेली चाल बहुधा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते. श्रीनिवास खळे २०११ साली गेले. त्यांनी बांधलेल्या चाली २०७१ संपेपर्यंत मोकळ्या होणार नाहीत. तेव्हा एक तर परवानगी घ्या, नाही तर तोच अभंग स्वतःच्या चालीत बांधा. मग ते कव्हर राहत नाही, पण अल्बममध्ये असं एखादं गाणं खपून जातं. वारकऱ्यांच्या पारंपरिक चालीही आहेत. मात्र चाल खरोखर पारंपरिक आहे का, हे एखाद्या जुन्या भजनी मंडळात बसून तपासा. व्हिडिओखाली कोणीतरी 'पारंपरिक' लिहिलंय, हा पुरावा नव्हे.

माझं मत विचाराल तर नाट्यसंगीताकडे वळा. 'सौभद्र' १८८२ चं. ते लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले. 'मानापमान' १९११ चं; ते लिहिणारे खाडिलकर १९४८ साली गेले आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. म्हणजे मूळ पदांचे शब्दही मोकळे आणि मूळ चालीही. अलीकडे कोणी नव्याने केलेलं संगीत त्यात धरू नका, एवढंच. दुसरं असं की ही पदं मायक्रोफोन नसलेल्या काळात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचावीत म्हणून गायलेली आहेत. मोठ्या आवाजाच्या गिटारसमोर ती दबत नाहीत. आणि ठाण्यात ती नीट येणारी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. नौपाड्यातल्या कुठल्याही गाण्याच्या क्लासमध्ये विचारा. बाई किंवा गुरुजी आधी डिस्टॉर्शनबद्दल चार शब्द सुनावतील, मग पद नीट शिकवतील.

हक्क शाबूत असलेल्या गाण्यांसाठी कॉपीराइट कायद्यात खास तरतूद आहे, २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ३१ सी. मूळ गाणं पहिल्यांदा मुद्रित झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात. म्हणजे २०२१ मध्ये मुद्रित झालेल्या गाण्याला जानेवारी २०२७ च्या आधी हात लावायचा नाही. आगाऊ नोटीस द्यायची, वेष्टनाचा नमुना द्यायचा, रॉयल्टी आधी भरायची, हे कव्हर आहे असं वेष्टनावर छापायचं, मूळ कलाकाराचं नाव किंवा फोटो दिशाभूल होईल असा वापरायचा नाही. इथवर ठीक. पण रॉयल्टी दर गाण्यामागे दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची भरायची असते (एखाद्या भाषेसाठी हा आकडा कमी ठरवण्याची मुभा कायद्यात आहे), आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत-चालीत बदल चालत नाही. चार-पाच जणांच्या बँडला पहिली अट परवडत नाही, आणि गाणं उलटंपालटं करायला निघालेल्या रॉकवाल्याचे हात दुसरी बांधते.

म्हणून व्यवहारात सरळ मालकाला लिहायचं. जुन्या एचएमव्हीच्या रेकॉर्ड असतील तर तो कॅटलॉग आज सारेगामाकडे आहे. बाकीच्यांसाठी रेकॉर्डचं लेबल बघा आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे चौकशी करा. पत्रात भावना नको, तपशील हवा: गाणं, गीतकार, संगीतकार, लांबी, काय बदलणार, फक्त ऑडिओ की व्हिडिओही, सीडी-व्हिनाइल काढणार असाल तर किती प्रती, कोणत्या महिन्यात. सोबत फोनवर केलेला का होईना, डेमो जोडा. उत्तर लेखी घ्या. फोनवरचं "हो हो, करा तुम्ही" पुढे कोणाला आठवत नाही. उत्तरं सावकाश येतात, काही येतच नाहीत. आठ गाणी हवी असतील तर बारांसाठी पत्रं पाठवा.

इंग्रजी गाण्यांसाठी ऑनलाइन वितरक (तुमची गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवणाऱ्या कंपन्या) पैसे घेऊन कव्हरचा परवाना काढून देतात. तो बहुधा अमेरिकन कायद्यावर बेतलेला असतो. तिथे एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं ठराविक रॉयल्टी भरून कोणीही पुन्हा मुद्रित करू शकतं, चाल आणि मूळ स्वभाव न बदलता. तो परवाना भारतात किती लागू होतो, हे पैसे भरण्याआधी वितरकाला लेखी विचारा. आणि इंग्रजी गाण्यावर मराठी शब्द बसवायची कल्पना प्रत्येक बँडला एकदा तरी सुचतेच. ते कव्हर नाही, रूपांतर आहे. त्याला वेगळी परवानगी लागते आणि मोठे प्रकाशक ती सहज देत नाहीत.

याच भानगडीतून एक नावाजलेला अल्बम जन्माला आला. जॉन लेननच्या १९६९ मधल्या एका गाण्यात चक बेरीच्या जुन्या गाण्याची छटा आहे, म्हणून त्या जुन्या गाण्याचा प्रकाशक मॉरिस लेवी कोर्टात गेला. तडजोडीत लेननने लेवीच्या मालकीची काही गाणी मुद्रित करायचं कबूल केलं, आणि १९७५ साली 'रॉक अँड रोल' हा त्याचा कव्हर अल्बम आला. लेननला निस्तरता आलं. आपल्याला वकिलाची पहिली भेटही महागात पडेल.

यादीला एक सूत्र हवं

"आम्हाला आवडणारी गाणी" हे सूत्र नव्हे. डेव्हिड बोवीने १९७३ च्या 'पिन अप्स'मध्ये साठच्या दशकात लंडनमध्ये गाजणाऱ्या बँडची गाणी घेतली. रश या बँडने २००४ साली, तिसाव्या वर्षानिमित्त 'फीडबॅक' काढला: लहानपणी ज्यांच्यामुळे वाद्यं हातात घेतली त्यांची आठ गाणी, जेमतेम २७ मिनिटं. दोन्हीकडे गाण्यांना बांधणारा धागा एका वाक्यात सांगता येतो. तुमचंही सांगता आलं पाहिजे: फक्त नाट्यपदं, एकाच संगीतकाराची गाणी, किंवा फक्त पावसाची. आठ गाणी पुरतात. चार-पाचच झाली तर ईपी, म्हणजे छोटा अल्बम, म्हणून काढा, कोणी हिरमुसत नाही.

मूळ बँड जसं वाजवतो तसंच वाजवायचं असेल, तर त्यासाठी पबचा शुक्रवार आहे. रेकॉर्ड करताना गाण्यातली एक तरी मोठी गोष्ट बदला: लय, ताल, स्वरपट्टी किंवा वाद्यमेळ. चारही बदलाल तर गाणं ओळखू येणार नाही.

पट्टी, ताल आणि डिस्टॉर्शन

इथे जरा सावकाश, कारण मराठी गाणी करणारे बहुतेक रॉक बँड इथेच अडखळतात.

गायक म्हणतो "मी काळी एकमध्ये गातो" आणि गिटारिस्ट त्याच्याकडे बघत राहतो. हिशेब सोपा आहे. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक म्हणजे सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. पट्टी नेहमी गायकाची ठेवायची, गिटारच्या सोयीची नाही. गायक काळी एकचा असेल तर ड्रॉप डी ट्यूनिंग (सगळ्यात जाड, सहावी तार ई ऐवजी डीला लावलेली) अख्खं अर्ध्या स्वराने उतरवा. सहावी तार मोकळी छेडली की थेट सा मिळतो, आणि अख्खं रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, त्यावर उभं राहतं. त्या ट्यूनिंगला तारा थोड्या जाड घ्या, नाही तर जोरात छेडल्यावर सूर वर सरकतो.

डिस्टॉर्शनमध्ये पूर्ण कॉर्ड, म्हणजे सा-ग-प एकत्र, गढूळ होतो. म्हणून रॉकवाले सा आणि प एवढंच वाजवतात, तोच पॉवर कॉर्ड. तंबोऱ्यातही बहुतेक रागांना हेच दोन स्वर लावतात. यातच सोय आहे: गाण्यातला गंधार कोमल असो वा शुद्ध, खालचा पॉवर कॉर्ड त्याच्याशी भांडत नाही. रागावर आधारलेल्या पदाखाली दर मात्रेला कॉर्ड बदलायचा मोह टाळा. बेस सा धरून बसू दे, दुसरी गिटार हलू दे, आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, स्लाइडने किंवा तार खेचून घ्या. हार्मोनियमवर बसवलेली जागा (गाण्यातला नक्षीचा तुकडा) गिटारवर तशीच उतरवू नका. मूळ गायकाचा गळा ऐका, गिटार त्याच्या जास्त जवळ जाते.

तालाचं ड्रमरला कागदावर लिहून द्या. केरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे, म्हणजे सरळ चार-चारमध्ये बसतात. दादरा सहाचा, सहा-आठमध्ये. रूपक सात मात्रांचा, आणि त्यात गंमत अशी की सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'ची, म्हणजे टाळी नसलेली असते; टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. ड्रमर सवयीने पहिल्या मात्रेवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि क्रॅश (मोठी झांज) हाणतो, आणि गाणं चालता चालता लंगडतं. किक चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर ठेवून बघा. ड्रमखाली तबल्याचा तयार लूप लावू नका. एकाच कोपऱ्यासाठी दोघं भांडतात.

जॅमरूममध्ये काय संपवायचं

प्रत्येक गाण्याची लय बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती ठोके यात, ठरवा, अंतऱ्याला ती दोन-तीन बीपीएमने वाढवायची असेल तर तेही आत्ताच, आणि मेट्रोनोमची क्लिक कानात घेऊन वाजवायची सवय करा. नाट्यपदाचा सुरुवातीचा मोकळा भाग क्लिकवर घेऊ नका. तो वेगळा रेकॉर्ड करून जोडा. प्रत्येक सराव फोनवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी प्रवासात ऐका. ठाण्याहून वाशी-नेरुळकडे ट्रान्स-हार्बरने जाणाऱ्याला तेवढा वेळ मिळतोच. लोकलच्या खडखडाटातही जे रिफ ओळखू येतं, ते ठेवायचं.

मग घरी क्लिकवर एक गिटार आणि कच्चा आवाज टाकून प्रत्येक गाण्याचा सांगाडा तयार करा. ड्रमर स्टुडिओत याच सांगाड्यावर वाजवणार आहे. रीपरसारखं स्वस्त सॉफ्टवेअर आणि दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) यासाठी भरपूर झाला. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आणि आवाजाची टोकं उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागेपर्यंत चढवण्यात काही पराक्रम नाही.

कुठे, आणि कधी

सगळं स्टुडिओत करायची गरज नाही. ड्रमला चांगली खोली, चांगले माइक आणि सरावलेला इंजिनिअर लागतो. पैसे तिथे खर्च करा. गिटार आणि बेस घरी होतात. गायकाचा आवाज घरी होऊ शकतो, घर शांत असेल तर.

वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापे भागातल्या औद्योगिक गाळ्यात जॅमरूम किंवा स्टुडिओ बघायला जाल, तेव्हा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत जा. शेजारच्या गाळ्यातली मशीन चालू असताना खोलीत दोन मिनिटं गप्प उभे राहा. छत पत्र्याचं आहे का बघा. जून ते सप्टेंबर त्याखाली हळू आवाजाचं गाणं मुद्रित होत नाही. मग अँप चालू करून गिटारचा आवाज पूर्ण उघडा आणि तारांवर हात ठेवा. तरीही ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर अर्थिंगबद्दल विचारा. उत्तर गोलमाल आलं तर दुसरी जागा बघा. लॅपटॉपला यूपीएस हवाच.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी: निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, म्हणजे खरा ड्रमसेट विसराच. इलेक्ट्रॉनिक ड्रमही शांत नसतात. किकच्या पेडलचे ठोके खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या डोक्यावर पडतात.

वेळेचं म्हणाल तर गणपतीच्या आधीचे आठवडे टाळा. ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो, आणि तो आवाज कुठल्याही गोधडीने अडत नाही. दहीहंडी आणि नवरात्राच्या दिवसांत ठाण्यात आवाज मुद्रित करायचा विचारही नको. पावसाळ्यात तारा लवकर गंजतात, अकूस्टिक गिटारचं लाकूड फुगतं आणि ट्यूनिंग टिकत नाही. दिवाळीचे फटाके संपले की फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा.

रेकॉर्डिंग

ड्रम आधी. चामडी नवी चढवून आणि ट्यून करूनच जा. माइक लावण्यात आणि आवाज जमवण्यात अर्धा दिवस जातो, हे धरून चाला. नंतर तयारी असलेला ड्रमर दिवसाला तीन-चार गाणी उरकतो. प्रत्येक गाण्याचे तीन पूर्ण टेक घ्या आणि तुकडे नंतर जोडा. स्नेअरला (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमला) श्युअरचा एसएम५७ हा माइक पुरतो, गिटारच्या स्पीकरलाही तोच. खोलीच्या मधोमध एक माइक जास्तीचा लावून ठेवा. कधीकधी सगळ्यात जिवंत आवाज त्यातच सापडतो. ड्रमसेटचं सामान सहसा स्टुडिओत मिळतं, पण झांजा आणि किकचं पेडल आपलं न्यावं. टेम्पो परवडत नसेल तर लोकलच्या मालडब्यातून दुपारी जा.

बेस थेट इंटरफेसमध्ये. गिटारही घरी थेटच घ्या, अँपचं सॉफ्टवेअर लावून ऐका, पण साधा, प्रक्रिया न केलेला सिग्नल जपून ठेवा. तोच नंतर खऱ्या अँपमधून पुन्हा वाजवून मुद्रित करता येतो. रिफ दोनदा वेगवेगळं वाजवा आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे लावल्याने गिटार रुंद होत नाही, फक्त मोठी होते. डिस्टॉर्शन लाइव्हमध्ये लावता त्यापेक्षा कमी. प्रत्येक टेकआधी ट्यूनर.

गायकाचा आवाज शेवटी. कपडे भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गायकाला उभं करा, मागे आणि बाजूंना गोधड्या टांगा, पंखा आणि एसी बंद. उकडतं, पण दोन टेकनंतर पंखा लावता येतो. नाट्यपद गाणारा गायक तानेच्या वेळी माइकवर तुटून पडतो. त्याला एक पाऊल मागे जायची सवय आधीच लावा. कॉम्प्रेसरने, म्हणजे आवाजाचे चढउतार दाबणाऱ्या यंत्राने, सगळं दुरुस्त होतं, हा गैरसमज आहे. आणि ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर, रागदारीच्या गळ्यावर लावू नका. ते मींड कापून पायऱ्या करतं.

मिक्सपासून प्रकाशनापर्यंत

मिक्स, म्हणजे सगळी वाद्यं आणि गळा यांचा तोल जमवणं, बँडबाहेरच्या माणसाकडून करून घ्या. बँडमधल्या प्रत्येकाला आपलंच वाद्य कमी ऐकू येत असतं. त्याला दोन नमुना गाणी द्या, एक आवाजाच्या जागेसाठी आणि एक गिटारच्या पोतासाठी. मराठी गाण्यात शब्द कळले पाहिजेत, हे वेगळं सांगा, कारण मेटल ऐकून तयार झालेला इंजिनिअर गळा गिटारच्या मागे ढकलतो. दुरुस्त्या सगळ्यांच्या एकत्र, एका कागदावर द्या. मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची तयार फाइल, आवाजाला फार मोठा करून घेऊ नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून बसवतं, म्हणजे जास्तीचा जोर वायाच जातो.

वितरकाकडे गाणी प्रकाशनाच्या निदान चार आठवडे आधी चढवा. आयएसआरसी हा प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा १२ अक्षर-अंकी कोड वितरक देतोच. गीतकार आणि संगीतकार या रकान्यांत मूळ नावं पूर्ण आणि अचूक लिहा, बँडचं नाव फक्त कलाकार म्हणून. शीर्षकात मूळ गायकाचं नाव घुसडू नका. शोधात वर येण्यासाठी ही युक्ती बरेच जण करतात, आणि गाणं उतरवलं जातं ते त्यामुळेच.

व्हिडिओसाठी परवानगी वेगळी, हे पत्रात आधीच मागितलं असेल तर प्रश्न नाही. यूट्यूबवर मालकाचा कंटेंट आयडी क्लेम, म्हणजे यंत्रणेने गाणं ओळखून केलेला मालकीचा दावा, आला आणि तो बरोबर असला, तर भांडू नका. व्हिडिओ बहुधा राहतो, जाहिरातीचे पैसे मालकाला जातात किंवा काही वेळा वाटून मिळतात. मोकळ्या नाट्यपदांवरही क्लेम येतात, कारण त्याच चालीचं एखादं नवं ध्वनिमुद्रण कोणीतरी नोंदवलेलं असतं. तेव्हा हरकत जरूर घ्या. नाटकाचं नाव आणि साल, नाटककार आणि चाल देणाऱ्याचं मृत्युवर्ष, आणि ध्वनिमुद्रण आपण स्वतः केलं असल्याचं एक वाक्य, एवढा मजकूर एका फाइलमध्ये तयार ठेवा, दर वेळी नव्याने लिहायला लागणार नाही.